मी मंद नव्हतो

मी सावली गावच्या जाफरभाईंच्या फोटो स्टुडिओतला लॅपटॉप बोलतोय. काउंटरच्या मागे, रिकाम्या फ्रेमांच्या ढिगाशेजारी एक जाडजूड, काळा, बिजागरीला तार गुंडाळलेला लॅपटॉप दिसतो ना, तोच मी. हल्लीचे लॅपटॉप पाटीसारखे बारीक असतात, एका हातात मावतात. मला उचलायला दोन हात लागतात आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

माझा जन्म नव्वदच्या दशकाअखेरचा. माझे पहिले मालक घुग्घुसच्या खाणीवरचे एक इंजिनिअर साहेब. तिथली कोळशाची पूड माझ्या बटणांच्या फटींत शिरली, ती अजून निघालेली नाही. साहेब माझ्यावर नकाशे पाहत आणि मग दार लोटून पत्ते खेळत. नकाशे पाहताना त्यांचा चेहरा गंभीर असे, पत्ते खेळताना त्याहून गंभीर. पुढे नवीन लॅपटॉप आला आणि मी कपाटात गेलो. तिथून चंद्रपूरच्या एका दुकानात, आणि दुकानातून जाफरभाईंच्या पिशवीत.

सावलीत आलो तेव्हा व्हायरसांनी मला पार पोखरलं होतं. सुरू व्हायचो आणि तिथंच आडवा व्हायचो. जाफरभाईंची लेक निशात, तीच जी लग्नात खांद्यावर कॅमेरा घेऊन सगळ्यांना बाजूला सारते, तिनं हात टेकले नाहीत. एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी घालून तिनं जुनी प्रणाली पुसली आणि माझ्यात लिनक्स टाकलं. मी पुन्हा उभा राहिलो. हौस म्हणून तिनं माझ्या पडद्यावर रंगीत मासेही सोडले. ते दिवसभर इकडून तिकडे पोहत राहायचे आणि फोटो काढायला आलेली गिऱ्हाइकं केस विंचरता विंचरता त्यांच्याकडे बघत बसायची.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. इथं गाणं नटानं स्वतः गायचं असतं, ऑर्गनच्या सुरावर, हजारो माणसांसमोर. कॅसेट लावून नुसते ओठ हलवले, अशी कुणाबद्दल कुजबुज जरी झाली तरी त्याला पुन्हा कुणी तोंडाला रंग लावू देत नाही.

जया ही तलावावर मासे धरणाऱ्या घरातली पोर. गावच्या हौशी मंडळाच्या नाटकात ती गायली होती आणि निशातनं ते सगळं कॅमेऱ्यात धरलं होतं. टेप चंद्रपूरला पाठवून तिची फाईल करून आणली आणि माझ्या पोटात ठेवली. मी ती जपून ठेवली होती.

दसऱ्याच्या सुमारास वडशाहून गुणवंतराव आले. त्यांची नाटक कंपनी मोठी. त्यांना गाणारी नटी हवी होती आणि जयाचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. पण नशीब असं की जया नुकतीच तापातून उठलेली, घसा पार बसलेला. बोलायला गेली तर नुसती हवा यायची. तीन वाजताच्या बसनं गुणवंतराव परत निघणार होते आणि त्याआधी कुणाचं तरी नाव पक्कं करणार होते. तेव्हा निशात म्हणाली, गाणं माझ्याकडे आहे, बघून जा. टेप कॅमेऱ्यातूनच दाखवता आली असती, पण तो घेऊन जाफरभाई सिरोंच्याला लग्नाला गेलेले, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर.

आणि मी अडखळलो.

आवाज सरळ पुढे जात होता, चित्र मागे रखडत होतं. जया तोंड मिटायची तेव्हा तान चालू, तोंड उघडायची तेव्हा तान संपलेली. त्यात एका जागी आवाज मध्येच अडकला, आणि बऱ्याच वेळानं दिव्यावरचा एक किडा उडत येऊन तिच्या तोंडात गेला. गुणवंतरावांनी चष्मा वर सारला.

"घसा बसला म्हणते, अन् इथी आवाज आधी अडकते, किडा मागून येते," ते म्हणाले. "हा आवाज दुसरीचा हाये, बाई."

जया कसंबसं पुटपुटली, "माहाच हाये, भाऊ." त्या फाटक्या कुजबुजीवर कोण विश्वास ठेवणार? तिचे डोळे भरून आले. नटीचं काम तर जाणारच होतं, वर लबाडीचा शिक्का घेऊन तिला गावात राहावं लागणार होतं.

निशातनं त्यांच्यासाठी चहा मागवला. ती म्हणाली, "चूक पोरीची हाये का मशीनची, ते पाह्यल्याबिगर जाऊ नका, भाऊ." आणि माझ्यापुढे बसली.

पहिल्यांदा तिनं मासे काढून टाकले. किंचित फरक पडला. मग चित्रं गाळत जा, पण आवाज गाठ, असं मला सांगून पाहिलं. मी गाळली, तर जया बेडकासारखी उड्या मारायला लागली आणि गुणवंतरावांचा संशय आणखी वाढला. मग तिनं आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून तिथून गाणं लावलं. तिथं मोठ्या अक्षरांत उमटलं की हे चालवायला तुमचं यंत्र फार मंद आहे. माझ्याच छातीवर माझीच बदनामी. साहेबांनी कपाटात टाकलं तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं.

मी मंद नव्हतो हो. माझ्या पोटातल्या हार्ड डिस्कवरून माहिती आणायला माझ्यात वेगळी वाट आहे. ती उघडी असली की माझा मेंदू मोकळा राहतो. लिनक्स टाकलं तेव्हापासून ती वाट बंद राहिली होती आणि सगळं ओझं माझा मेंदू वाहत होता. दारात बैलबंडी उभी असताना एखाद्यानं धानाचे भारे डोक्यावरून न्यावेत, तसं चाललं होतं. भारे वाहू की चित्रं काढू?

मला बोलता येत नव्हतं. निशात मात्र थांबली, तिनं कान माझ्याजवळ आणला आणि पोटातली घरघर ऐकली. एवढीशी फाईल वाचायला हा इतका का राबतोय, असं काहीसं ती स्वतःशी म्हणाली. मग लिनक्सची माहितीपानं उघडून एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. एके ठिकाणी बोट थांबलं. तिनं एक ओळ टाइप केली आणि वाट उघडली.

काय सांगू, अंगावरचा भार उतरला. गाणं पहिल्यापासून लागलं. जयानं तोंड उघडलं, सूर उघडला. तिनं श्वास घेतला, तो ऐकू आला. ती जागा आली. किडा उडत आला, तोंडात गेला, आणि त्याच क्षणी आवाज अडकला. पडद्यावरची जया जराशी हसली आणि तुटली होती तिथूनच तान उचलून तिनं समेवर आणून ठेवली.

गुणवंतरावांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. त्यांचा चहा निवून गेला होता.

"किडा थुकला का गिळला?" त्यांनी जयाला विचारलं.

"गिळला, भाऊ," ती कुजबुजली. "तान सोडाची होती का?"

गुणवंतरावांनी मान खाली घातली. तीन वाजताची बस गेली, ते चारच्या बसनं गेले. जाताना जयाचं नाव पक्कं करून गेले.

आता माझी बॅटरी मेली आहे, एक स्पीकर खरखरतो. स्टुडिओत बारीक लॅपटॉप आला आहे. मध्ये भंगारवाला माझ्याकडे बोट दाखवून गेला, निशातनं त्याला पाण्याचा ग्लास देऊन वाटेला लावलं. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, घरातल्या कुणाला मंद म्हणण्याआधी त्याच्या डोक्यावर काय ओझं आहे ते एकदा बघा.

जया दर हंगामाआधी येते. आता रस्त्यारस्त्यावरच्या फलकांवर तिचं नाव असतं, तरी येते. तार सांभाळून मला उघडते आणि ते गाणं लावते. किडा येतो. मग आवाज अडकतो. मग ती हसते, पडद्यावर आणि पडद्यासमोर, दोन्हीकडे एकदमच.