सर चिडायचे थांबले

"सर तुझ्यावर चिडायचे थांबले ना, की मला लगेच सांग," सरांच्या बायको, अदिबाभाभी, पहिल्याच दिवशी चहा देताना म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं.

कादर सरांचा गिटारचा क्लास द्वारका चौकात, टायरच्या दुकानावर. तीस वर्षं ते लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होते. निकिता दीड वर्षाची झाल्यावर मी जायला लागले, आठवड्यातून दोन दुपारी, तिला सासूबाईंपाशी ठेवून. तिथेही अर्धं लक्ष मोबाइलवर, घरून फोन येतो का म्हणून. सर आधी खिडकी लावत, हॉर्न नकोत म्हणून. मग माझी गिटार बघत.

"ही दुसरी तार रडतेय, मॅडम. पोरगी रडली की पळता, हिचं ऐकू येत नाही?"

खरंच नाही यायचं. तेवढा बारीक फरक माझ्या कानांना सापडायचाच नाही.

दिवाळीनंतर हे बोलणं बंद झालं. मी वाजवायचे, ते माझ्या बोटांकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "बढिया." खिडकी उघडीच असायची. ते मी पाहिलं होतं. घरी नवऱ्याला मात्र मी म्हणाले, "जमायला लागलं मला." मुलीला शिंक आली तरी डॉक्टरकडे धावणारी मी. पण त्या 'बढिया'ने इतकं बरं वाटत होतं, की पुढे विचारच केला नाही.

जानेवारीत नवनाथदादा आले, ऑर्केस्ट्रातले दुसरे गिटारवाले. पाठ दुखते म्हणून सर पूर्ण सीझन कार्यक्रमांना गेले नव्हते, त्यांची चौकशी करायला. मी वाजवत होते. तिसऱ्याच कॉर्डला दादांनी तोंड वाकडं केलं.

"ताई, तार किती उतरलीय! कादरभाई, हे चालवून घेता तुम्ही?"

सर माझ्या बोटांकडेच बघत होते. "बढिया," म्हणाले.

दादांनी त्यांच्या पाठीमागे जाऊन हाक मारली. मग पुन्हा, मोठ्याने. सर वळले नाहीत. मी बोटाने मागे दाखवलं तेव्हा वळले, आमचे चेहरे पाहिले आणि आपली गिटार कव्हरमध्ये घालायला लागले.

डॉक्टर म्हणाले, सुरुवातीलाच आणलं असतं तर काही करता आलं असतं. सरांच्या अब्बांचेही कान असेच गेले होते. भाभींना तीच धास्ती होती, फक्त बोलून दाखवायची नव्हती. घरी सर मुळातच कमी बोलणारे. त्या पाठीलाच शेक देत राहिल्या.

मला त्या रागावल्या नाहीत. "तुझ्याबरोबर तर दोन-दोन तास बसायचे, बेटा," एवढंच म्हणाल्या.

क्लास बंद झाला. सर आता घोटीला, भावाकडे असतात. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा ते मागच्या दाराने निघून गेले. भाभी सांगतात, ताट तसंच राहतं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात.

तुमचं घोटीला जाणं झालं तर बाजारपेठेच्या टोकाला भातगिरणी आहे, तिच्या शेजारचं घर. ओळख नसली तरी जा. समोर बसा, ओठ दिसतील असं सावकाश बोला. जेवलेत का, तेवढं बघून या.