प्लास्टिकच्या द्राक्षांची विरळणी

हिवाळ्याच्या सकाळी दिंडोरीकडच्या मळ्यात, द्राक्षांच्या मांडवाखाली, एक हिरवा उजेड साचलेला असतो. त्या उजेडात माझ्या थोरल्या बहिणीची बोटं मी पहिल्यांदा नीट पाहिली. मान मागे टाकलेली, दोन्ही हात वर, आणि डोक्यावर लोंबणाऱ्या घडात बोटं अशी हलकी शिरलेली, की झोपलेल्या लेकराच्या केसांतून फिरावीत. मणी खुडताना आवाज होत नाही. तो होतो मणी खालच्या वाळक्या पानांवर पडतो तेव्हा, कुणी दूरवर बोटं मोडल्यासारखा. दाट घडातले निम्मे मणी कोवळेपणीच काढायचे, म्हणजे उरलेले एकमेकांना न चिरडता फुगतात. याला विरळणी म्हणतात. हरसूलजवळच्या आमच्या पाड्यावरची माणसं भातकापणी उरकली की टेम्पोत दाटीवाटीने बसून या कामाला उतरतात, आणि आक्का अशी बारा हिवाळे उतरली. त्या बारा हिवाळ्यांवर मी पाड्यातली पहिली बी.कॉम. झाले. कोणता मणी ठेवायचा आणि कोणता काढायचा हे तिने घरातही तसंच ठरवलं होतं, आणि काढायच्या मण्यांत तिने स्वतःला धरलं होतं. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. तसंच झालं.

नोकरी लागली आणि मी नाशकात खोली घेतली. आठवडाभर सातपूरच्या एका कारखान्यात साहेबांची पत्रं टाइप करायची आणि रविवार स्वतःचा ठेवायचा, असा माझा नेम होता. सकाळी कढत पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचे, वजरीने टाचा घासायच्या, गालांवर कोल्ड क्रीमचे पाच ठिपके लावून ते सावकाश जिरवायचे. आणि दुपारी कॉलेज रोडवरच्या एका तळघरातल्या इटालियन हॉटेलात जाऊन, अर्ध्या दराच्या वेळेत, एक प्लेट पास्ता खायचा. तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचं मेणकापड, भिंतीवर कुठल्याशा निळ्या समुद्राचं चित्र, आणि छताला टांगलेले प्लास्टिकच्या द्राक्षांचे घड. काट्याने खाणं मी तिथेच शिकले, कुणी न शिकवता, शेजारच्या टेबलावर चोरून बघत. एखाद्याला हे थिल्लर वाटेल, तर वाटो. ज्या पायांनी बारा-चौदा वर्षं अनवाणी शाळा गाठली, त्या पायांना आठवड्यातून एकदा गरम पाणी मिळणं हा मला माझ्या पदवीचाच एक भाग वाटत असे.

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात आक्काच्या पोटात गाठ निघाली. दर तीन आठवड्यांनी तिला केमोची सुई द्यायची ठरली. ती आदल्या दिवशी सांजच्या एसटीने माझ्याकडे यायची. हातात एक पिशवी, अंगावर जाडी शाल, आणि डोळ्यांत पाहुण्याचा संकोच. पहिल्याच सुईनंतर तिचं तोंड आतून सोललं. डॉक्टर सौम्य होते, पण बोलायला स्पष्ट. आक्काला काट्यावर उभं करून ते म्हणाले, "छत्तीस किलो. पस्तीसच्या खाली गेल्या तर मला सुया थांबवाव्या लागतील. शरीराला झेपणार नाही." त्या दिवसापासून माझ्या जगाला एकच आकडा उरला. सूर्य उगवायचा तो पस्तीसच्या वर राहण्यासाठी.

पण खायचं काय? ज्या शहराचा दिवस मिसळीच्या तांबड्या तर्रीवर उगवतो, तिथे बिनतिखटाचा, मऊ, तरीही जिवात उतरणारा घास शोधत मी हिंडले. दुधाने तिला ढवळायचं. भाताची पेज तिने दोन दिवसांत दूर सारली. "पेज पिऊन पिऊन माझीच पेज व्हायची वेळ आली, ताराबाय," ती म्हणाली. मी हसले नाही, म्हणून ती एकटीच हसली, आणि हसताना फाटलेला ओठ तिने पदराने दाबला.

मग माझं तळघर मला आठवलं.

खरं सांगते, तिला तिथे नेताना माझं पाऊल अडखळलं होतं. जिन्यावर मी तिला शाल नीट करायला लावली. ती खाली उतरली, खुर्चीच्या काठावर टेकली, आणि मान मागे टाकून वर बघतच राहिली. मळ्यातली तीच मान, तेच डोळे.

"लय दाट घड हायेत," ती वाढप्याला म्हणाली. "विरळणी नाय केली कोणी? सडतील ना."

वाढपी बागलाणाकडचा पन्नाशीचा माणूस होता, सगळे त्याला आप्पा म्हणत. त्याने छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गंभीरपणे म्हणाला, "मालकले सांगस मी, मावशी. मजूरच भेटत नही शे."

पांढऱ्या रश्श्यातला पास्ता आला. आक्काने ताटलीतली एक नळी बोटांनी उचलली आणि मेणकापडाच्या कडेला, एका तांबड्या चौकडीवर, वेगळी ठेवली. आमच्याकडे नवं धान्य आधी कणसरीला देतात. कणसरी म्हणजे धान्याची देवी, जी कणगीत राहते आणि माणसाच्या अंगात उतरते. हे धान्य तिला नवं होतं. आजूबाजूच्या टेबलांवर कॉलेजची पोरं-पोरी बसलेली. मी चटकन कागदी रुमालाने ती नळी टिपली आणि बाजूला केली. आक्काने दुसरी नळी त्याच चौकडीवर ठेवली. मग खायला लागली, सावकाश, डोळे मिटून, जिभेच्या एका बाजूने; आणि तिच्या चेहऱ्यावरचं दुखणं, संध्याकाळी डोंगरावरून ऊन उतरतं तसं, कडाकडाने मागे सरकत गेलं. अर्धी ताटली संपली. मी दुसरी नळी तशीच राहू दिली. आप्पानेही टेबल पुसताना फडकं तिच्याभोवतीने फिरवलं.

मग तो आमचा शिरस्ता झाला. सुईच्या आदल्या संध्याकाळी मी पातेल्यात पाणी तापवायची, मीठ टाकायची, आणि तिचे पाय मांडीवर घ्यायची. पहिल्यांदा तिने ते ओढून घेतले होते. "अंगाचं एवढं कोण करतं? म्हशीचं करावं, दूध तरी देती." दुसऱ्या खेपेला पाय तिने स्वतःच पाण्यात सोडले. तिसऱ्या खेपेला तर आरसा मागितला, आणि माझ्यासारखेच पाच ठिपके, कपाळ, नाक, हनुवटी, दोन गाल, असे मोजून लावले. आणि उरलेलं मलम, वाया जाऊ नये म्हणून, माझ्या हातावर पुसलं. कंगव्यात केस येत. ती ते गुंडाळून खिडकीबाहेर सोडायची आणि म्हणायची, "पाखरांना घरटी व्हतील." त्या खोलीत तेव्हा खोबरेल तेलाचा आणि मिठाच्या वाफेचा एक गोडसर दमट वास भरून राहिलेला असे. तो वास आजही कुठे आला, की माझे गुडघे आपोआप जमिनीला टेकायला बघतात.

आणि काटा वर चढत होता. दुसऱ्या सुईला साडेछत्तीस. तिसरीला सदतीस. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, शाबासकी दिली. मी तळघरात आप्पाला सांगितलं, आप्पाने ताटलीवर जास्तीचं चीज किसलं आणि म्हणाला, "आते काही भेव नही, मावशी." मी चीजवर विश्वास ठेवला, काट्यावर ठेवला, छापलेल्या कागदावर ठेवला. पण ज्या पायांना मी मीठ लावत होते, त्यांचे घोटे माझ्या तळहातात दर वेळी अधिक टोकदार होत होते. जोडवी तिने काढून ठेवली होती, कारण ती निसटत होती. पाठीचे मणके तेल लावताना माझ्या बोटांना एकेक करून मोजता येत होते. सगळं समोर होतं. मी शिकलेली बाई, मी आकडा वाचला. अंग वाचलं नाही.

तिसऱ्या सुईच्या त्या दुपारीच ते उघड झालं. आप्पा पाणी ठेवत होता, आक्का खुर्चीत सरसावून बसायला गेली, आणि शालीखाली कमरेला बांधलेल्या फडक्याची गाठ सुटली. मेणकापडावर, पांढऱ्या चौकड्यांवर, तांबड्या चौकड्यांवर, बारीक तांबूस नागली, म्हणजे नाचणी, ओघळली. घरंगळत, किंचित सळसळत, थांबायचं नाव न घेता. आमच्या कणगीतली त्या वर्षीची नवी नागली होती ती. आठवड्या-आठवड्याला आक्का झिजत होती आणि फडकं भरत होतं. दवाखान्याच्या संडासात जाऊन ती ते कमरेला आवळायची, काट्यावर उभी राहायची, आणि तशीच माझ्यासोबत पास्ता खायला यायची.

"आक्का, हे काय केलंस तू?"

ती चोरी पकडलेल्या माणसासारखी खाली बघत नव्हती. तिला खरंच माझा प्रश्न कळत नव्हता. "कणसरीच तं हाय," ती म्हणाली. "खाल्लं काय नि बांधलं काय. आतून जात नाय, तं बाहेरून लावलं. अंगालाच लागलं ना?"

आप्पाने काही न विचारता खालून दाणे भरायला सुरुवात केली. त्या क्षणी मी आक्काला सांगायला हवं होतं, की डॉक्टर सुईचं मापही त्याच आकड्यावरून ठरवतात. की देवीने नव्हे, रक्तामांसाने ते सोसायचं असतं. मी ते सांगितलं, पण दोन दिवसांनी, आणि तेही इतक्या हळू, की माझं मलाच ऐकू गेलं नसेल. कारण खरं बोललं तर सुया थांबणार, आणि सुया थांबल्या तर काय उरणार, याचं उत्तर माझ्या बी.कॉम.मध्ये कुठेच नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी देवळं केली, अंडी केली, भाकरीचा चुरा वरणाच्या पाण्यात केला. गोदावरीच्या घाटावर बसून अनोळखी बायकांना विचारलं, की तुमच्यात कुणाचं वजन वाढलं का हो, कशाने वाढलं. बुडणारा माणूस पाण्यालाच धरू बघतो, तसं माझं झालं होतं.

चौथ्या सुईच्या सकाळी मी, पाड्यातली पहिली पदवीधर, दवाखान्याच्या संडासात गुडघ्यावर बसले आणि ते नागलीचं फडकं माझ्या हातांनी आक्काच्या कमरेला बांधलं. घट्ट. वरून दोन सेफ्टी पिना लावल्या, पुन्हा सुटू नये म्हणून. तिची कंबर माझ्या दोन मुठींत मावत होती. ती वरून माझ्या डोक्याकडे बघत असावी. माझ्या भांगात तिचं एक बोट हलकेच फिरलं, एवढंच.

रांगेत आमच्या पुढे दोघं होते, मग एक, मग कुणीच नाही. परिचारिकेने नाव पुकारलं. आक्काने पायातल्या चपला काढल्या, आणि मग शालीखाली हात घातला. पिना एकेक करून काढल्या, माझ्या तळहातावर ठेवल्या. गाठ सोडली. ऊन खाल्लेल्या मांजराच्या पिल्लासारखं ते उबदार गाठोडं तिने माझ्या ओंजळीत दिलं.

"माझं खोटं व्हतं तवर चाललं," ती म्हणाली. "तुझं नाय चालायचं. तुला काय त्यासाठी शिकवली का?"

आणि ती काट्यावर चढली. साडेतेहतीस.

डॉक्टरांनी तो आकडा कागदावर लिहिला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी सुई दिली नाही, आणि पुढचीही कधी दिली नाही. रस्त्यावर आलो तेव्हा थंडीचं ऊन सगळ्या शहरावर सारखं पसरलेलं होतं, भाजीच्या गाड्यांवर, रिक्षांच्या टपांवर, माझ्या ओंजळीतल्या गाठोड्यावर. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. आक्का म्हणाली, "चल, त्या द्राक्षाच्या हाटेलात."

तिने चार घास खाल्ले. पहिली नळी चौकडीवर ठेवून. मग मान मागे टाकून ती पुन्हा वर बघू लागली, आणि एकाएकी खुर्चीवर चढली. मी तिला धरायला उठले, पण त्याआधी आप्पाने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी पकडली होती. दुपारची वेळ, दोनच टेबलं भरलेली, कुणी हसलं नाही. तिची बोटं त्या प्लास्टिकच्या घडात शिरली, तशीच, झोपलेल्या लेकराच्या केसांत शिरावीत तशी. एकेक हिरवा मणी निवडून तिने खुडला, आणि प्रत्येक मणी फरशीवर टप् करून पडला, उड्या मारत टेबलाखाली गेला. निम्मा घड तिने मोकळा केला. वरच्या दिव्याचा उजेड, जो आजवर त्या दाटीत अडकून पडायचा, तो फटींतून गळून तिच्या कपाळावर आला.

"आता फुगतील," ती म्हणाली, आणि आप्पाच्या खांद्याला धरून खाली उतरली.

"मालकले सांगस," आप्पा म्हणाला. मग वाकून तो टेबलाखालचे मणी वेचू लागला.

मळ्यांतून द्राक्षांच्या पेट्या भरून ट्रक निघू लागले, त्याच दिवसांत ती पाड्यावर गेली, आणि गेलीच. फडक्यातली नागली मी परत कणगीत ओतली. पुढच्या वर्षी तीच पेरली गेली, उगवली, तिची भाकर आम्ही खाल्ली, आधी एक तुकडा बाजूला ठेवून. रविवारी अजूनही मी पाण्यात मीठ टाकते, आणि पाच ठिपके लावल्यावर उरलेलं मलम कुणाच्या हातावर पुसावं हे न कळून हात तसाच धरून बसते. तळघरातलं मेणकापड बदललं, भिंतीवरचा समुद्र बदलला. तो एक घड मात्र आप्पाने कुणाला हलवू दिला नाही. त्याच्याखाली बसलं की ताटलीवर उजेडाचे कवडसे पडतात. मी पहिली नळी चौकडीवर ठेवते आणि वर बघते. काळही विरळणीच करत असतो, दाट घडात हात घालून एकेक मणी खुडत असतो. पण कोणता ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे आक्काच्या बोटांना जसं कळत होतं, तसं त्याला अजून कळलेलं नाही.