झालेलं विमान

इंग्लंडातल्या स्कार्थविकच्या हवाई तळाच्या कुंपणाबाहेर, कोबीच्या शेताच्या बांधावर, डझनभर शहाणी माणसं विमानांचे फोटो काढायला सकाळपासून शिड्यांवर चढून उभी होती. घरं रंगवणारे वापरतात तसल्या घडीच्या शिड्या. कुंपण उंच, जाळी बारीक, म्हणून शिडी. आपली शिडी जिथं साखळीनं बांधली ती आपली जागा, आणि त्या जागेवर दुसऱ्यानं पाय ठेवला तर अख्ख्या लिंकनशरमध्ये त्याहून मोठं पाप नाही. सगळे साठी ओलांडलेले. गळ्यात दुधाच्या किटलीएवढ्या लेन्स, आणि तोंडावर भाव असा की देशाचं संरक्षण यांच्याच भरवशावर चाललंय.

थेल्मा डॅनट त्यांच्या पायाशी घडीच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर थर्मास घेऊन. मधल्या शिडीवर तिचा नवरा ऑब्री. मधली शिडी म्हणजे सिंहासनच. तो म्हणेल ती पूर्व दिशा. शेजारच्या शिडीवरचा नेव्हिल वायरलेस कानाला लावून वैमानिकांचं बोलणं ऐकायचा, पण त्याचा अर्थ लावायचा ऑब्रीनं. नेव्हिलनं नुसती मान डोलवायची.

या लोकांचा एक नियम होता. एखाद्या विमानाचा, म्हणजे शेपटीवरच्या त्या नेमक्या नंबराचा, चांगला फोटो मिळाला की ते विमान 'झालं'. झालेल्या विमानावर कॅमेरा उचलायचा नाही. उचलला तर बाकीचे हसणार, हा कालचा आलेला दिसतोय म्हणून. त्यामुळे होतं काय, की जुना आणि मानाचा माणूस दिवसभर शिडीवर उभा राहून काहीच करत नाही. जितका थोर, तितका रिकामा. ऑब्रीची तळावरची सगळी विमानं झाली होती. राहिलं होतं एकच, स्क्वाड्रनच्या वर्धापनदिनासाठी शेपटीपासून नाकापर्यंत लाल-काळं रंगवलेलं.

आणि नेमकी आज त्यांची मुलगी रोझलिंड शेवटचं उडणार होती.

नऊ वर्षं ती याच तळावरून लढाऊ विमान उडवत होती. मानेचा मणका दुखावला, डॉक्टरांनी सांगितलं की बास, आणि सोमवारपासून तिला टेबल-खुर्ची मिळणार होती. शेवटच्या उड्डाणाला घरच्यांना आत बोलावतात, तिनं दोघांचे पास काढले होते. ऑब्रीनं ते परत केले. आतून म्हणे ऊन समोर येतं, फोटो बिघडतो. पोरीचं आयुष्य एका बाजूला आणि याचं ऊन दुसऱ्या बाजूला. थेल्मानं कपाळावर हात मारला, पण रोझलिंड फोनवर शांतपणे म्हणाली, "असू दे. मग बाहेरून काढ, बाबा. मी विमानात बसलेय असा एक फोटो. एकच."

"तुमचा तळावरचा फोटोग्राफर असतो की," ऑब्री म्हणाला.

"त्याचे पुष्कळ आहेत. मला तू काढलेला हवाय." मग ती आईला म्हणाली, "तूही त्याच्याबरोबरच बस, आई. लक्ष दे जरा."

म्हणून थेल्मा इथं कोबीचा वास घेत बसली होती. पोरीनं बापाकडे शाळेत असल्यापासून काही मागितलं नव्हतं. मागून मिळत नाही हे तिला लवकर कळलं होतं. आज मागितलं होतं, आणि आजचा दिवस पुन्हा येणार नव्हता.

"कुठल्या विमानात असेल रे ती?" थेल्मानं विचारलं.

"रंगवलेल्या," ऑब्री वरून म्हणाला. "शेवटचं उड्डाण आहे. साधं देतील होय?"

"ती म्हणाली सकाळीच ठरतं."

"तिला काय माहीत."

नऊ वर्षं आत काम करणाऱ्या मुलीला काय माहीत. तीस वर्षं बाहेर शिडीवर काढलेल्या माणसाला सगळं माहीत. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, पण या बैलाला ते सांगायचं कुणी?

थोड्या वेळानं नेव्हिलनं बोट वर केलं. चार विमानं निघाली होती. धावपट्टीकडे जाताना ती कुंपणालगतच्या रस्त्यानं सावकाश, एकामागून एक, अगदी समोरून जातात. पहिलं आलं.

"झालंय," ऑब्री म्हणाला. सगळे कॅमेरे खाली.

दुसरं आलं. तेही झालेलं होतं. कुणी सॅंडविच काढलं, कुणी नाक शिंकरलं.

तिसरं आलं. साधं, करडं, पोटाखाली तेलाचे ओघळ. काचेच्या आत बसलेल्यानं हात वर केला आणि खांद्यापासून अख्खा हात हलवला. शाळेच्या बसच्या खिडकीतून हलवायचा तसा. थेल्मा ताडकन उठली, थर्मास गवतात पडला.

"ऑब्री, हीच आहे ती. काढ."

"झालंय ते."

"अरे, हात करतेय बघ."

"सगळेच करतात. हेल्मेटमधून तुला बरी ओळखू आली." त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. तो चौथ्याच्या वाटेकडे डोळे लावून होता. "अक्कल वापर जरा, थेल्मा. मागून येतंय तिचं."

थेल्मानं खिशातून फोन काढला.

"ते खेळणं आत ठेव," ऑब्री दबक्या आवाजात म्हणाला. "चारचौघांत हसं करू नकोस माझं."

आणि तिनं ठेवला. चाळीस वर्षांच्या संसाराची सवय. विचार करायच्या आत हात खिशात जातो. तिला स्वतःचा इतका राग आला की तोच हात तिनं बाहेर काढला आणि उंच करून हलवत राहिली. शिडीवरच्या एकानं आपल्या थर्मासमधून सगळ्यांच्या कपांत चहा ओतला. तिसरं विमान पुढं गेलं.

मग आलं चौथं. लाल-काळं. डझनभर कॅमेरे एकदम तडतडले, कढईत मोहरी पडावी तसे. आत बसलेला माणूस रुंद खांद्यांचा होता आणि सरळ समोर बघत होता. ऑब्रीनं शिडीवरून खाली पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मिळाली," तो म्हणाला.

थेल्मानं वर केलेला हात खाली घेतला. बोलायचं कुणाशी? काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालणाऱ्याला बाकीचे आपापल्या शिडीवरून वाकून शाबासकी देत होते.

दुपारी रोझलिंड फाटकातून बाहेर, शिड्यांपाशी आली. शेवटच्या उड्डाणानंतर बंबाचं पाणी मारून भिजवतात, तशी ती नखशिखांत भिजलेली. केसांतून पाणी गळत होतं, हसत होती. थेल्मानं आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला.

"दाखव," रोझलिंड ऑब्रीला म्हणाली.

त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. रोझलिंडनं वाकून पाहिलं.

"हे आमचे विंग कमांडर," ती म्हणाली. "छान आलेत."

ऑब्रीनं पडदा स्वतःकडे वळवून पुन्हा पाहिला.

"मी यांच्या पुढं होते. तिसरी." तिनं शेपटीचा नंबर सांगितला.

नंबर ऐकला मात्र, ऑब्रीचा जीव भांड्यात पडला. चेहरा उजळला त्याचा. "अगं, मग घाबरवतेस काय? ते आहे माझ्याकडे. पन्नासेक फोटो असतील घरी. एक तर असा आहे, सकाळचं ऊन, चाकं नुकती पोटात जाताहेत. मोठा करून फ्रेम करून देतो तुला."

"त्यात कोण आहे, बाबा?"

"कोण म्हणजे?"

"आत. बसलंय कोण?"

"ते कोण बघतं गं," ऑब्री म्हणाला.

नेव्हिल, जो जन्मात कधी ऑब्रीच्या शब्दाबाहेर गेला नव्हता, तो आपल्या शिडीची साखळी सोडवायला लागला. रोझलिंडनं मान हलवली, एखादी खात्री करून घ्यायची होती आणि ती झाली, तशी. मग आईकडे वळली.

"तुझा हात दिसला मला."

"एवढ्या लांबून?"

"लांब कुठं? आणि एकच तर वर होता. बाकीचे चहा पीत होते."

आता कुठं ऑब्रीला काहीतरी उमगलं असावं. उशिरा का होईना, पेटलं. "थांब, थांब," तो घाईनं म्हणाला, "आता काढतो तुझा. अशीच उभी राहा." किटली डोळ्याला लावली, कडं फिरवलं, पुन्हा फिरवलं. "जरा मागं हो. एवढ्या जवळचं या लेन्सला दिसत नाही."

रोझलिंड मागं झाली.

"अजून थोडी."

ती आणखी मागं झाली, थेल्माचा कोट सावरत, त्याच्याकडे बघत.

"अजून," ऑब्री एक डोळा मिटून म्हणाला.

रोझलिंड मागं मागं सरकत बांधाच्या कडेला लावलेल्या त्यांच्या गाडीपर्यंत गेली, दार उघडलं आणि आत बसली. थेल्मानं गवतातला थर्मास उचलला, ती दुसऱ्या दारानं बसली आणि तिनं गाडी सुरू केली.