चौथ्या मजल्यावरचे उंदीर

मे महिन्यातल्या त्या सोमवारी जमुनाबाईंनी बार्शीटाकळीच्या घराच्या गच्चीवर दिवसभर गहू वाळवला. उन्हं उतरल्यावर ओसरीत बसून त्याला एरंडेल चोळलं, मध्ये मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला आणि नव्या पत्र्याच्या कोठीत भरला. कोठी लेकीसाठी होती. प्रणाली अमरावतीच्या कॉलेजात शिकवायची आणि तिच्या घरी उंदरांचा फार त्रास आहे, हे सगळ्या आळीला पाठ होतं.

हा त्रास सात वर्षांपूर्वी सुरू झाला. लग्नानंतर मायनं पाठवलेलं पहिलं पोतं प्रणालीनं बाल्कनीत ठेवलं आणि विसरली. पावसात ते भिजलं. दिवाळीला उघडलं तर दाण्यांपेक्षा सोंडेच जास्त, गव्हाचा भुगा झालेला. मायनं उन्हातान्हात निवडलेला गहू आपण आळसानं किड्यांना घातला, हे सांगायची तिला लाज वाटली. तिनं उंदरांचं नाव पुढे केलं.

पुढच्या वर्षापासून गहू आला की ती तो भांडी घासणाऱ्या वच्छलाला देऊन टाकी. दळण आणण्यापेक्षा पाकिटातलं पीठ सोपं होतं. उन्हाळा आला की मायला मात्र पुन्हा उंदीरच सांगायचे. माय त्यांच्या मागे हात धुऊन लागली. मोरीच्या भोकात काचा भर, वरून सिमेंट लाव, पिंजऱ्यात भाकरीला तेल लावून ठेव. एकदा तर तिनं पिंजराच पाठवला. त्या सोमवारीही फोनवर तिनं आधी उंदरांची खबर घेतली.

"काय वो बाई, चौथ्या मजल्यावर चढतेत कसे हे? शिकेल दिसतेत. लिफ्टनंच येत असतीन."

प्रणाली हसली. पेपर तपासायचे होते. मग बोलू म्हणाली.

मंगळवारी पहाटे माय गेली.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी, किसनरावांनी, लेकीसाठी कोठी ओसरीत ओढून आणली. झाकणाच्या आतून मायनं जुन्या लुगड्याची पट्टी डकवली होती, फट राहू नये म्हणून. बाबा सांगत राहिले. त्या दिवशी गच्चीवर तिला दोनदा दरदरून घाम फुटला होता, छातीत दाटलं होतं. अकोल्याला दवाखान्यात चल म्हटलं, तर उठली नाही.

"म्हणे, एवढी कोठी भरू द्या. पोरीच्या घरी उंदीर हायेत."

प्रणाली खाली बसली. तिनं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात गव्हात घातला. दाणे गार होते, तेलानं बोटांवरून घसरत होते.

बाबांनी आपलं सहज विचारलं, आता तरी कमी झाले का उंदीर?

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी मान हलवली असती आणि कोठी गाडीत चढवली असती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. हात गव्हातच होता.

"माय," ती म्हणाली, "माह्या घरी उंदीर नव्हते. कधीच नव्हते. तुहा गहू मीच वाया घातला."