बांधाकडच्या चार ओळी

सकाळी सव्वासातला दिपमाला बांधावर आली आणि तिथंच थांबली. औषधाचा वास येत होता. बांधाकडच्या चार ओळींत कपाशीच्या पानांवर पांढरे ठिपके वाळले होते. पानांखाली तिनं कालच मित्रकिडींची कार्डं टाचली होती. त्यांतून निघणाऱ्या मोहरीहून बारीक माश्या बोंडअळीची अंडी निकामी करतात. तिनं एक कार्ड उजेडात धरलं. निघालेल्या माश्या तिथंच चिकटून मेल्या होत्या.

पलीकडे शेजारचा गिरधर फवारणीचा पंप विसळत होता.

"भाऊ, हाई काय कयं तुम्ही?"

"औषध उरनं व्हतं, वहिनी. फेकानं कसाले? म्हतं, तुना कपाशीले बी दोन घोट!" तो हसला. "तुन्या माश्या कधी उठतीन नि कधी अळ्या मारतीन?"

तिनं कार्ड मुठीत मिटलं. नवऱ्याचा पाय मोडला त्या वर्षी तिची पेरणी याच गिरधरच्या बैलांनी झाली होती. पंपात उरलेलं शेजाऱ्याच्या पिकावर मारून टाकणं ही गावात भलाईच.

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात नऊ बायकांचा सेंद्रिय कपाशीचा गट होता. एकमेकींची शेतं त्याच तपासत आणि पानं पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवत. सेंद्रियचा शिक्का सगळ्यांना मिळून एकच. एकीच्या पानांत विष निघालं की नऊही जणींची तीन वर्षांची मेहनत मातीत. आज तपासणी दिपमालाच्या शेतात होती.

तिनं विहिरीवरून बादली आणली, दोन झाडांची पानं धुतली, मग बादली तशीच ठेवून दिली. परत वास घेतला. परत बादली उचलली.

गटाची प्रमुख झुंबरबाई तपासणीला आली ती पदर नाकाला लावूनच.

"गिरधर?"

"उरेल व्हतं म्हने, अक्का."

झुंबरबाईनं कोरं पाकीट पुढं केलं. "मधल्या ओळीसमाईन तोड. इकडे येऊच नको."

"पन उद्या कोनी दखं तं?"

"कोन दखस? मी बी दरसाल मधलीच देस."

दिपमालाचा पाकीट धरलेला हात तसाच राहिला. झुंबरबाईनं पायाखालचं ढेकूळ टाचेनं फोडलं.

"मना बांधले बी फवारनारा शेजारी शेतस," ती म्हणाली.

गिरधर पंप पाठीवर टाकून घरी निघाला. जाता जाता त्यानं दोघींना हात केला. दिपमालानंही केला.

"बठ्ठ्यासले बलाव, अक्का," ती म्हणाली. "अठेच. बांधवर."

"येडी व्हयनी का?"

"बलाव."

अकरा वाजेपर्यंत उरलेल्या सातही जणी आल्या. दिपमालानं चार ओळी दाखवल्या, घडलं ते सांगितलं आणि विचारलं, आपापल्या बांधाकडची पानं कोणी कोणी दिली आहेत. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. एकीनं खाली बसून उगाच गवत उपटायला घेतलं.

पाकीट अजून रिकामं होतं. मधल्या ओळींकडे कोणी गेलं नव्हतं, आणि बांधाकडचं पानही कोणी तोडलं नव्हतं.