नदी नसलेल्या देशातली काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. माझा शेंडा शाबूत आहे, कंबर ताठ आहे, आणि मुठीवर जो काळपट तेलकट डाग दिसतो तो काही म्हातारपणाचा नव्हे. त्या डागाची एक गोष्ट आहे. तीच सांगायला बसले आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका थंडगार गावात झाला. काळ्या तंतूंचं कापड पोलादी सळईभोवती गुंडाळलं, भट्टीत भाजलं, मग सळई ओढून काढली. आतून पोकळ, बाहेरून गुळगुळीत, नऊ फूट लांब अशी मी तयार झाले. एका बाईनं दोऱ्यानं माझ्या अंगावर कड्या बांधल्या. तंगूस, म्हणजे गळाची ती नायलॉनची दोरी, त्या कड्यांतून ओवतात. शेवटी बुचाची मूठ बसवली. हे बूच लक्षात ठेवा. पुढं त्यानंच घात केला.

तिकडच्या नद्यांत दोन मानी मासे येतात. दोघंही नदीत जन्मतात, समुद्रात मोठे होतात आणि पुन्हा आपल्या नदीत परततात. त्यांतला सॅमन दांडगा, गळाला लागला की रेड्यासारखा ओढतो. दुसरा स्टीलहेड. तो चपळ आणि संशयी. आमिष ओठांनी चाखून पाहतो, नाही पटलं तर थुंकून चालता होतो. एकाला दणकट काठी लागते, दुसऱ्याला हळवी. हौशी लोक दोन काठ्या घेतात. वॉरन नावाच्या इंजिनिअरला मात्र एकच हवी होती. दुकानदारानं माझा शेंडा छताला टेकवून मला वाकवलं आणि म्हणाला, "शेंडा ऐकतो, बुडखा पेलतो. हिच्यावर दोन्ही मासे येतील."

पुढं वॉरनला सौदी अरेबियात, अबकैकच्या तेल प्रकल्पात नोकरी लागली. त्यानं मलाही सामानात घातलं. का घातलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या देशात नदी नाही. नदी सोडा, ओढासुद्धा नाही. मी कपाटाच्या मागे उभी राहिले. वाळूची वादळं आली की माझ्या कड्यांत धूळ बसायची. घरी आलेले पाहुणे मला बघून हसायचे. मी मनात म्हणायचे, हसा बापड्यांनो. नदी नाही हा तुमच्या जागेचा दोष आहे, माझा नव्हे.

मग १९९० चा उन्हाळा आला. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि सौदीतल्या परदेशी वसाहतींत पळापळ झाली. वॉरननं घरातलं सामान अंगणात मांडलं: इस्त्री, पंखे, खुर्च्या, आणि आम्ही तीन काठ्या. शेजाऱ्यांनी विकायला दिलेल्या दोन, म्हणजे एक बोटीवरची जाडजूड आणि एक वेताच्या छडीसारखी बारीक, आणि तिसरी मी.

तिथं हलिमा आली. खरं तर ती प्रेशर कुकर शोधायला आली होती. तिचा नवरा जाफर प्रकल्पावर पाइपफिटर होता. दोघंही दाभोळच्या खाडीकाठची. हलिमाचे वडील खाडीत गरवायचे, म्हणजे गळ टाकून मासे धरायचे. तिच्याबरोबर जाफर आणि त्यांचा वसाहतीतला शेजारी कादिर होता. तो श्रीवर्धनचा, प्रकल्पावर क्रेन चालवायचा.

"ही घ्या भाबी," जाडी काठी उचलून कादिर म्हणाला. "हिनं मगरसुद्धा ओढाल."

"मगर रांधता येते का तुला?" हलिमा म्हणाली. बारीक काठी तिनं नुसती हलवून ठेवून दिली. "आणि ही तर बांगडा लागला तरी रुसून माहेरी जाईल."

मग तिनं मला हातात घेतलं. मूठ धरून डोळे मिटले आणि कादिरला शेंड्यावर बोट ठेवायला सांगितलं.

"ठेवलंस. आता काढलंस. आता परत ठेवलंस."

"भाबी, तुम्ही डोळे किलकिले करून बघताय!"

"तू ओढ आता. जोरानं ओढ. क्रेन समजून ओढ."

कादिर ओढत गेला, मी वाकत गेले आणि एका जागी ठाम थांबले. हलिमानं डोळे उघडले. "शेंड्याला कान आहेत, कमरेत जोर आहे. हीच."

वॉरन प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, ही नदीची काठी आहे, सॅमन आणि स्टीलहेडची. इथं नदी नाही, उगाच फसू नका. जाफरनं ते मराठीत सांगितलं.

"सांगा त्याला," हलिमा म्हणाली, "मीसुद्धा खाडीकाठची आहे. इथं माझी खाडी कुठं आहे? राहतेच आहे ना?"

वॉरन हसला. त्यानं मला तिच्या हाती दिलं आणि बदल्यात तिच्या घरची कोळंबीच्या लोणच्याची बरणी घेऊन तो आपल्या देशी निघून गेला. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मला कुणीतरी निवडलं.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लागल्या. हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की सगळे आतल्या खोलीत बसायचे. जाफरची आई, शरफुन्निसा, लेकाला भेटायला आली होती ती तिथंच अडकली, कारण विमानं बंद झाली. पहिल्या भोंग्यापासून तिनं जेवण सोडलं. नुसता चहा आणि खुबूस, म्हणजे तिथली रोटी, तीही कोपरा मोडून. कोंबडी केली तर म्हणे वास येतो. बाजारात ताजी मासळी नव्हती, कारण मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्यालाच बांधलेल्या होत्या. हलिमानं बर्फातली कोळंबी रांधली. म्हातारीनं ताट सरकवलं.

"ही मासळी नाही गो. हे मढं आहे. मढं खाऊन मी मढं होऊ?"

हलिमाला कळत होतं. म्हातारी भीतीनं जेवत नव्हती आणि भ्याले म्हणायची तिला लाज वाटत होती. एका सकाळी वजू करता करता, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुता धुता, ती खाली बसली, ती उठेना. प्रकल्पाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं नाडी बघून सांगितलं की आजार काही नाही, पण अशीच उपाशी राहिली तर हातची जाईल.

त्याच दिवशी रेडिओवर बातमी आली. उत्तरेकडे समुद्रात तेल सोडलं होतं आणि ते काळं तेल किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सरकत होतं.

हलिमानं मला कपाटावरून काढलं. "तेल यायच्या आत मला एक मासा पाहिजे. एकच."

"अगं, युद्ध चाललंय!" जाफर म्हणाला.

"चालू दे. युद्ध चाललंय म्हणून अम्मांनी उपाशी मरायचं, असं कुठल्या राजानं फर्मान काढलंय? तुम्ही गाडी काढा."

जाफर बायकोपुढं नमला, पण स्वस्थ बसला नाही. कोकणात होडीला माशाचं तेल पाजतात, वेळूच्या काठीला खोबरेल चोळतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. बापजाद्यांची रीत. जाफरनं खोबरेलाची बाटली घेतली आणि शेंड्यापासून बुडख्यापर्यंत मला न्हाऊ घातलं. बुचाची मूठ तर तेल पीतच राहिली. त्याची माया मला कळत होती. पण मी काही वेळूची नव्हते हो! सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुटीचा दिवस. अम्मांपाशी एक शेजारीण बसवून हलिमा, जाफर आणि कादिर गाडीनं हाफ मून बेच्या किनाऱ्याला गेले. वाटेत पहारा. तरुण शिपायानं हात आडवा केला. "मम्नूअ. मनाई आहे. यल्ला, परत जा."

जाफरनं इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, काढून दाखवला. शिपाई मान हलवत राहिला. मग हलिमा खिडकीतून पुढं झाली आणि मोडक्या अरबीत म्हणाली, "उम्मी मरीदा. आई आजारी आहे. खात नाही. ताजा मासा पाहिजे." आणि न थांबता तिनंच विचारलं, "तुझी उम्मी? ती जेवते का रे नीट?"

शिपायानं आडवा हात खाली घेतला. त्याचं घर कुठं होतं कोण जाणे. त्यानं समुद्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "असरच्या अजानपर्यंत," म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजापर्यंत, तो म्हणाला. "मग खलास."

पाणी स्वच्छ होतं. वाळूवर एक माणूस नव्हता. अम्मांनी नाकारलेली तीच बर्फातली कोळंबी हलिमानं गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, लावली, बिस्मिल्ला म्हणून मला मागे झुकवलं आणि गरी पाण्यात भिरकावली. इतक्या वर्षांनी माझ्या कड्यांतून तंगूस सरसरत गेला. तो आवाज काय सांगू तुम्हांला!

थोड्या वेळानं शेंड्याला थरथर कळली. मी ऐकलं, हलिमानंही ऐकलं. तिनं झटका दिला. माशानं उलटा हिसका दिला. आणि मित्रांनो, खोबरेलानं माखलेली ती मूठ तिच्या दोन्ही हातांतून साबणाच्या वडीसारखी सुटली! मी पाण्यात. मासा पुढं, मी मागे.

"या अल्लाह, काठी गेली!" कादिर ओरडला.

जाफर कपड्यांसकट पाण्यात शिरला. छातीइतक्या पाण्यात त्यानं मला शेंड्याशी धरलं. तोवर मासा गरी सोडून गेला होता.

हलिमानं हात हुंगले. "हे काय लावलंत?"

"खोबरेल," जाफर निथळत म्हणाला. "काठी तडकू नये म्हणून."

"डोक्याला लावायचं ते मुठीला लावलंत आणि डोकं कोरडं ठेवलंत!"

कादिर वाळूत बसून हसत सुटला. जाफरही हसला. हलिमा मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. असरची अजान जवळ येत होती. तिनं मूठभर वाळू घेऊन माझी मूठ खसखसून घासली. जाफरच्या डोक्याला गुंडाळलेला गमछा सोडवून घेतला, मुठीवर घट्ट बांधला आणि पुन्हा गरी भिरकावली.

बराच वेळ काही नाही. मग एक अगदी बारीक हालचाल. कुणीतरी आमिष ओठांनी चाखत होतं. स्टीलहेडसारखं, संशयानं. मी श्वास रोखला. हलिमा हलली नाही. मासा परत आला, या वेळी तोंड भरून. तिनं झटका दिला आणि माझी कंबर कड्याकड्यांतून वाकली. हा सॅमनसारखा ओढत होता.

त्याच वेळी दूर भोंगा वाजला. भर दुपारी.

"भाबी, सोडा! गाडीत चला!"

"गाडी काय किल्ला आहे?" हलिमा दात आवळून म्हणाली. "पळून जायचं कुठं, वाळूत? वाजू दे त्याला. मी नाही सोडणार."

जाफरनं एकदा आभाळाकडे बघितलं. मग तो तिच्या मागे पाय रोवून उभा राहिला आणि तिच्या कमरेला धरलं. कादिरनं जाफरला धरलं. भोंगा रडत होता आणि ही तीन कोकणी माणसं एका माशासाठी किनाऱ्यावर उभी होती. माझ्या अंगातला तंतू न् तंतू करकरला. मी मोडू शकले असते. मी म्हटलं, आज नाही.

मासा आला. चांदीसारखा, जाड ओठांचा. तिथले लोक त्याला सुबैती म्हणतात. आपल्याकडच्या पालू माशाचा चुलतभाऊच. भोंगा थांबला तेव्हा तो वाळूवर उडत होता. परत जाताना त्याच शिपायानं मासा बघून बोटं ओठांना लावली आणि फाटक उघडलं.

हलिमानं नारळाचा रस काढला, आमसुलं घातली आणि कालवण केलं. वाफेचं ताट तिनं सासूपुढं ठेवलं. म्हातारीनं वास घेतला. माशाचा कल्ला बोटानं दाबून बघितला. मग एक घास, मग दुसरा.

"सूनबाय," ती म्हणाली.

"काय अम्मा?"

"मीठ कमी आहे."

हलिमा मोरीत गेली आणि तोंडावर ओढणी धरून पोटभर रडली. म्हातारीनं सगळं ताट चाटूनपुसून साफ केलं.

ते काळं तेल उत्तरेलाच अडलं, आमच्या किनाऱ्यापर्यंत आलं नाही, असं पुढं कळलं. पण त्या शुक्रवारी ते कुणाला ठाऊक होतं? युद्ध संपलं. विमानं सुरू झाल्यावर शरफुन्निसा आपल्या पायांनी चालत विमानात चढली. गावी ती सगळ्यांना सांगायची, सून चांगली आहे, फक्त मिठाला हात आखडता.

काही वर्षांनी मी सतरंजीत गुंडाळून दाभोळला आले. सुरुवातीला गावानं कौतुक केलं. मग मी पडवीच्या कोपऱ्यात गेले. कुणी माझ्यानं कैऱ्या पाडल्या, कुणी जळमटं काढली. एकदा तर माझ्यावर ओल्या चादरी वाळत घातल्या. मी तेही केलं. दोन माशांसाठी घडवलेली काठी आहे मी, चादरीला काय घाबरते? पण खरं सांगू? शेंडा अजून ऐकत असतो. खाडीची भरती आली की त्याला कळते.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. घरातली जुनी वस्तू कोपऱ्यात उभी असेल, तर तिच्यावर दया करू नका. तिला कामाला लावा. वापरून झाली की गोड्या पाण्यानं धुवा, कोरडी पुसा, छपराखाली आडवी ठेवा. आणि कधी तुम्हीच अशा जागी जाऊन पडलात, जिथं तुमची नदी नाही, आणि लोक हसले, तर शेंड्यानं ऐका, कमरेनं पेला, आणि भोंगा वाजला तरी सोडू नका.

मूठ मात्र कोरडी ठेवा. खोबरेल डोक्यालाच बरं.