वरच्या मजल्यावरचा भाडेकरू

विशालाक्षी गेली तेव्हापासून गिरिजम्मांच्या घराचा वरचा मजला बंदच होता. दोघी बहिणी. थोरल्या गिरिजम्मा तरुणपणीच विधवा झाल्या, धाकटीनं लग्नच केलं नाही. ती वर राहायची आणि जेवायला खाली यायची. तिच्यामागे वर्ष सरलं, तशी शेजारीण भाडेकरू ठेवा म्हणून मागे लागली. एक एजंट येऊन गेला. गिरिजम्मांनी त्याला फाटकातूनच वाटेला लावलं. बंगळूरच्या त्या गल्लीत घरं एजंटाशिवाय, नुसत्या पाटीवरच भाड्यानं जात. त्यांनी स्वतःच पाटी टांगली : घर भाड्यानं देणे आहे, मालकांनाच भेटावे.

माणसं येत राहिली आणि गिरिजम्मा नाही म्हणत राहिल्या. कुणाची मुलं दांडगी वाटली, कुणाला बहिणीचं कपाट तिथून हलवायचं होतं. खरं कारण एवढंच, की डोक्यावर परक्याची पावलं वाजणार, हे मनाला सोसवत नव्हतं.

मग सुधींद्र आला. पन्नाशीचा, छापखान्यात मुद्रितं तपासणारा. खोल्या बघून तो खाली आला.

"एकटेच का?" गिरिजम्मांनी विचारलं.

"एकटाच, अम्मा. बायको मागच्या उन्हाळ्यात गेली."

त्यांनी किल्ली देऊन टाकली.

तो राहायला आला, पण आल्याचं कळेचना. ना भांडं पडायचं, ना दार आपटायचं. गिरिजम्मा दुपारी आडव्या होत आणि छताकडे कान लावून राहत. बहिणीच्या वेळी असं कधी ऐकावं लागलं नव्हतं. एकदा त्यांनी गरम सार वर नेऊन दिलं. संध्याकाळी पातेलं घासूनपुसून पायरीवर ठेवलेलं दिसलं; तो मात्र दिसला नाही.

शेवटी त्याच वर गेल्या.

"घरात चप्पल घालून वावरलात तरी चालेल," त्या म्हणाल्या.

"खाली आवाज होईल तुम्हाला."

"होऊ दे की."

तो दाराला धरून उभा राहिला. मग सावकाश सांगू लागला. बायको सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, जरा खुट्ट झालं तरी दचकायची. तेव्हापासून तो चवड्यांवर चालतो. आता चालून बघितलं तरी टाच टेकत नाही.

गिरिजम्मा खाली आल्या.

दोन दिवस वरून चपलांची फटफट ऐकू आली. ती त्यांच्यासाठी मुद्दाम केलेली होती, हे त्यांना कळत होतं. मग तीही थांबली. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

रविवारी मात्र बाजाराला निघताना तो खिडकीशी थांबून काही आणायचंय का विचारतो. "काही नको," गिरिजम्मा म्हणतात. तो फाटकापर्यंत पोचला की त्यांना आठवतं.

"अहो सुधींद्र, कोथिंबीर आणा थोडी."

तो मागे वळून पिशवी उघडून दाखवतो, आणतो म्हणतो. त्या तिथेच खिडकीत बसून राहतात, तो परत येईपर्यंत.